मत कुजवणाऱ्यांपासून सावध!

निवडणूक ग्रामपंचायतीची असो, विधानसभेची असो की लोकसभेची, आमच्या गारगोटीत प्रचार संपेपर्यंत एक प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. निवडून आल्यावर तुम्ही काय करणार, हा तो प्रश्न. समोरचा किती वाईट आहे, हे मात्र सगळेच सांगतात. रिक्षावरचा कर्णा सांगतो, चौकातला फलक सांगतो, रात्री दाराच्या फटीतून सरकवलेले पत्रक सांगते आणि आता खिशातला मोबाईल तर झोपेतून उठल्यापासून सांगत असतो. गद्दार, खोके, घराणेशाही, चोर, देशद्रोही असे शब्द पोरांच्या खेळातसुद्धा येतात. वेदगंगेचे पाणी, एस. टी. च्या फेऱ्या, दवाखान्यातला डॉक्टर, वस्तीतली गटारे हे विषय मात्र मागे राहतात.

आम्ही पेशाने कारकून. जमा आणि खर्च या दोन्ही बाजू तपासल्याशिवाय सही करायची नाही, ही आमची सवय. त्याच सवयीने या निंदेच्या प्रचाराचा हिशेब मांडला, तर एक गोष्ट ध्यानात येते. असा प्रचार करणाऱ्याला तुमचे मत मिळालेच पाहिजे असे नाही. तुम्ही वैतागून घरी बसलात, तरी त्याचे काम होते. तुमचे मत वाया गेले, तरी त्याचे काम होते. आपल्या चळवळीतल्या जुन्या माणसांनी या प्रकाराला नेमका शब्द दिला आहे, तो म्हणजे मत कुजवणे. या शब्दामागचा इतिहास आपल्या मुलाबाळांना माहीत असला पाहिजे, म्हणून हा लेखप्रपंच.

१९५२ सालचा हिशेब

वर्तमानपत्र आणि जाहिरात यांची ताकद काय असते, हे बाबासाहेबांना पहिल्यापासून ठाऊक होते. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाले, त्याला राजर्षी शाहू महाराजांनी २,५०० रुपयांची मदत केली होती. त्या पत्राची जाहिरात, तीही पैसे देऊन, छापायला ‘केसरी’ने नकार दिला होता. ज्याच्या हाती छापखाना, त्याचाच शब्द चार घरी पोहोचणार, अशी तेव्हाची स्थिती होती. म्हणून बाबासाहेबांनी आधी स्वतःची पत्रे काढली आणि मग निवडणुका लढवल्या. १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत काँग्रेसने त्यांच्यासमोर नामवंत क्रिकेटपटू पी. बाळू यांना उभे केले होते. बाबासाहेब विजयी झाले.

१९५२ ची गोष्ट वेगळी. देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक. जानेवारीत मुंबईत मतदान झाले. बाबासाहेब शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे उत्तर मुंबईतून राखीव जागेवर उभे होते. समाजवादी पक्षाशी युती होती आणि अशोक मेहता सर्वसाधारण जागेवर उभे होते. हा मतदारसंघ दोन सभासदांचा होता. प्रत्येक मतदाराला दोन मते आणि प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, अशी पद्धत. दोन्ही मते एकाच पेटीत टाकता येत नसत. टाकली तर एकच मोजायचे, दुसरे बाद.

मत कुजवण्याची वाट नेमकी इथे होती. समोरच्याला दुसरे मत जाऊ नये म्हणून आपल्या माणसांना सांगायचे की दोन्ही चिठ्ठ्या आपल्याच पेटीत टाका. आपले एक मत पक्के होते, दुसरे कुजते. निकाल लागला तेव्हा काँग्रेसचे नारायण काजरोळकर निवडून आले. बाबासाहेबांना १ लाख २३ हजार ५७६ मते मिळाली आणि ते चौदा हजारांहून अधिक मतांनी मागे राहिले. बाद होऊन मोजणीतून सुटलेल्या चिठ्ठ्या होत्या ७४ हजारांच्या वर! पराभव चौदा हजारांचा आणि कुजलेली मते त्याच्या पाचपट. बाबासाहेब आणि अशोक मेहता यांनी मिळून निवडणूक अर्ज दाखल केला. कम्युनिस्ट पक्षाचे उमेदवार श्रीपाद अमृत डांगे आणि इतरांनी मते वाया घालवण्याचा प्रचार केला, हा त्यातला एक प्रमुख आक्षेप होता. न्यायाधिकरणाने तो अर्ज फेटाळला. ज्यांनी घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद भूषविले, त्यांना पहिल्या लोकसभेत लोकांनी निवडून दिलेला सभासद म्हणून बसता आले नाही. पुढे ते राज्यसभेत गेले.

याहून मोठी गोष्ट दोन वर्षांनी घडली. १९५४ साली भंडाऱ्याची पोटनिवडणूक आली. तोही मतदारसंघ दोन सभासदांचा. बाबासाहेब राखीव जागेवर आणि अशोक मेहता सर्वसाधारण जागेवर. दुसरे मत कुणालाच देऊ नका, कुजवा, म्हणजे बाबासाहेब नक्की येतील, असा हिशेब काही कार्यकर्त्यांनी मांडला. चळवळीत ही हकीकत अजून सांगितली जाते. बाबासाहेबांनी ते साफ नाकारले. आपण पराभूत झालो तरी चालेल, पण घटना लिहिणाऱ्याने मत वाया घालवायला सांगणे शोभत नाही, अशी त्यांची भूमिका होती. निकालात अशोक मेहता निवडून आले आणि बाबासाहेब काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून सुमारे आठ हजार मतांनी पडले.

मुंबईत जो मार आपल्याला बसला होता, तोच दुसऱ्याला देण्याची संधी हाती आली असताना बाबासाहेबांनी ती सोडली. दोन सभासदांचे मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने बंद झाले. पण मत कुजवण्याची वृत्ती काही बंद झाली नाही. तिने फक्त कपडे बदलले.

राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीतले निनावी पत्रक

कोणी म्हणेल, ही चिखलफेक अडाणी मतदारांसाठी असते. तसे समजू नये. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत तुम्ही-आम्ही मत देत नाही, खासदार आणि आमदार देतात. १९६९ साली त्या निवडणुकीत काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी, अपक्ष व्ही. व्ही. गिरी आणि आपल्या महाराष्ट्राचे चिंतामणराव देशमुख असे प्रमुख उमेदवार होते. पंतप्रधान इंदिरा गांधींनी आपल्याच पक्षाच्या उमेदवाराला डावलून सदसद्विवेकबुद्धीने मत द्या असे सांगितले. याच काळात रेड्डींच्या चारित्र्यावर गलिच्छ आरोप करणारे एक निनावी पत्रक खासदारांमध्ये वाटले गेले, टपालाने आणि थेट संसदेच्या मध्यवर्ती सभागृहातही. म्हणजे देशातली सर्वांत शहाणी समजली जाणारी मतदारयादी आणि तिच्यासाठीही तेच दाराच्या फटीतले पत्रक!

गिरी निवडून आले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि राष्ट्रपतिपदावर असताना गिरींनी स्वतः न्यायालयात येऊन साक्ष दिली. १९७० साली न्यायालयाने निवडणूक कायम ठेवली. पत्रक वाटले गेले हे दिसले, पण ते गिरींच्या संमतीने वाटले गेले किंवा त्यामुळे निकाल फिरला, हे शाबीत झाले नाही. निनावी पत्रकाची खुबी अशीच असते. घाव बसतो, पण हात सापडत नाही. रेड्डींनी धीर सोडला नाही. १९७७ साली ते बिनविरोध राष्ट्रपती झाले.

अमेरिकेचा धडा

अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष लोकांच्या मतांच्या आधारे निवडला जातो आणि तिथे निंदेची जाहिरात हा मोठा धंदाच झाला आहे. १९६४ साली जॉन्सन यांच्या बाजूने टी. व्ही. वर एक जाहिरात आली. फुलाच्या पाकळ्या मोजणारी लहान मुलगी आणि मग अणुबाँबचा स्फोट. विरोधी उमेदवार गोल्डवॉटर यांचे नावही त्यात नव्हते. ती जाहिरात म्हणून एकदाच दाखवली, पण भीतीने आपले काम केले.

आपण जास्त लक्ष द्यावे अशी गोष्ट १९८८ सालची आहे. बुश यांचे विरोधक डुकाकिस हे ज्या राज्याचे गव्हर्नर होते, तिथे रजेवर सुटलेल्या विली हॉर्टन नावाच्या एका काळ्या कैद्याने भयंकर गुन्हा केला होता. बुश यांच्या समर्थकांनी त्याचा चेहरा जाहिरातीत दाखवला आणि डुकाकिस आले तर असे लोक मोकाट सुटतील, अशी धास्ती गोऱ्या मतदारांच्या मनात घातली. एका माणसाच्या गुन्ह्याचा डाग साऱ्या काळ्या समाजाच्या कपाळी लागला. बुश निवडून आले. त्यांच्या प्रचाराची सूत्रे हलवणारे ली ॲटवॉटर पुढे मेंदूच्या कर्करोगाने अंथरुणाला खिळले, तेव्हा १९९१ साली मृत्यूपूर्वी त्यांनी डुकाकिस यांच्याविषयी दाखवलेल्या क्रूरतेची जाहीर माफी मागितली. माफी मागितली खरी, पण तोवर मते मोजून दोन वर्षे उलटून गेली होती.

आणि १० सप्टेंबर २०२४ च्या चर्चेत ट्रम्प यांनी सांगितले की स्प्रिंगफील्ड गावात बाहेरून आलेले लोक शेजाऱ्यांची कुत्री-मांजरे खातात. तिथल्या अधिकाऱ्यांनी याला काही पुरावा नाही असे सांगितले. तरीही त्या गावात बाँबच्या धमक्या आल्या, शाळा रिकाम्या कराव्या लागल्या. तिथले हैतीचे कष्टकरी लोक भीतीखाली आले. ते काय खातात, कसे राहतात यावरून एखाद्या समाजाला बदनाम करणे, हे आपल्याला नवीन आहे काय? आपल्या आजोबा-पणजोबांनी हेच सोसले आहे. म्हणून उद्या दुसऱ्या कोणत्याही समाजाबद्दल असे काही मोबाईलवर आले, तर ते पुढे पाठवण्याआधी आपल्या माणसाचा हात सर्वांत आधी थांबला पाहिजे.

समोरासमोर या, पण खरोखर या

निंदेवर उपाय काय? समोरासमोर चर्चा. अमेरिकेत २६ सप्टेंबर १९६० रोजी केनेडी आणि निक्सन यांची पहिली चर्चा टी. व्ही. वर झाली. तिथेही खोटे बोलले जाते, हे आपण वर पाहिलेच. पण समोर माणूस उभा असतो, विचारणारा असतो, तिथल्या तिथे पकडता येते. पत्रकाला असे काही विचारता येत नाही.

आपल्याकडे मे २०२४ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती मदन लोकूर, न्यायमूर्ती ए. पी. शाह आणि पत्रकार एन. राम यांनी नरेंद्र मोदी व राहुल गांधी या दोघांना जाहीर चर्चेचे निमंत्रण दिले होते. राहुल गांधींनी होकार कळवला. भाजपने पंतप्रधानांऐवजी युवा मोर्चाच्या एका पदाधिकाऱ्याचे नाव पुढे केले. चर्चा काही झाली नाही.

आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात तर चर्चेची एक जागाच ठरलेली आहे, ती म्हणजे बिंदू चौक. कारखान्याचा दर असो, दूध संघाचा कारभार असो की विधानसभा असो, ‘हिंमत असेल तर बिंदू चौकात या’ हे आव्हान दिल्याशिवाय आमच्याकडे प्रचाराला रंग चढत नाही. २०२३ साली राजाराम कारखान्याच्या निवडणुकीत अशाच आव्हान-प्रतिआव्हानावरून चौकात बंदोबस्त लावायची वेळ आली. हिशेबाची वही मात्र कोणी मांडली नाही. त्या चौकात कोणाचे पुतळे आहेत? महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर! भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने ९ डिसेंबर १९५० रोजी, बाबासाहेब हयात असतानाच ते उभे राहिले. एकाने प्रश्न विचारायला शिकवले आणि दुसऱ्याने पुराव्यानिशी उत्तर द्यायला. त्यांच्यासमोर शड्डू ठोकून निघून जाणे हा त्या चौकाचा मान नव्हे.

टोमणा उलटतो, हेही कोल्हापूरने दाखवले आहे. २००९ साली सदाशिवराव मंडलिक अपक्ष उभे राहिले, तेव्हा शरद पवारांनी त्यांना म्हाताऱ्या बैलाची उपमा दिली. लोकांना ती रुचली नाही. मंडलिक चाळीस हजारांहून अधिक मतांनी आले. २०२४ साली त्यांचेच चिरंजीव संजय मंडलिक यांनी शाहू महाराज छत्रपतींच्या दत्तक असण्यावर बोट ठेवले. लोकांना तेही रुचले नाही. शाहू महाराज दीड लाखांहून अधिक मतांनी निवडून आले. निंदेपुढे मतदार दुबळा असतो असे नाही. मात्र त्याने मतदान केंद्रापर्यंत गेले पाहिजे.

एका वस्तीत घडलेले

सगळीकडे असा गोड शेवट होत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका गावात ग्रामपंचायतीच्या राखीव जागेवर आपल्या वस्तीतली एक ताई उभी राहिली. नववी शिकलेली, बचत गटाची वही स्वतः लिहिणारी. पाण्याच्या टाकीचा हिशेब तिने ग्रामसभेत मागितला होता, तेवढाच तिचा गुन्हा. मतदानाच्या दोन रात्री आधी एक पत्रक फिरले. ना छापणाऱ्याचे नाव, ना काढणाऱ्याचे. ताई कुणाच्या गाडीवरून कुठे जाते, कुणाकडून पैसे घेते, असले मजकूर त्यात होते. दुसऱ्या दिवशी तिची सासू आम्हाला म्हणाली, ‘दादा, निवडून आली न्हाई तर चालंल, पण घराची अब्रू ऱ्हाऊ द्या.’ वस्तीतल्या आयाबहिणी मतदानाला गेल्याच नाहीत. ‘समदी तसलीच. कशाला जायाचं?’ असे त्या म्हणू लागल्या. ताई पडली. तिने पुढे ग्रामसभेला येणे सोडले आणि टाकीचा हिशेब तसाच राहिला.

ते पत्रक काढणाऱ्याला वस्तीची मते मिळाली का? नाही. त्याला ती नकोच होती. त्याला ती कुजवायची होती. १९५२ साली जे पेटीत झाले, तेच इथे उंबऱ्यात झाले. आणि बाईमाणूस उभी राहिली की निंदेचा पहिला वार चारित्र्यावर होतो, हे आपण सर्वांनी ध्यानात ठेवावे. पुरुष उमेदवाराला लोक कारभार विचारतात, बाईला मात्र ती कुणाबरोबर दिसली हे विचारतात.

कायदा काय सांगतो

असल्या पत्रकाविरुद्ध काहीच करता येत नाही, हा समज चुकीचा आहे. लोकसभा-विधानसभेसाठी लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ आहे. त्याच्या कलम १२३ (४) प्रमाणे उमेदवाराच्या खासगी चारित्र्याविषयी जाणूनबुजून खोटे विधान प्रसिद्ध करणे हा भ्रष्ट आचार आहे. ते उमेदवाराने, त्याच्या प्रतिनिधीने किंवा त्यांच्या संमतीने केले असे शाबीत झाले, तर निवडून आलेल्याची निवड रद्द होऊ शकते. त्यासाठी निकालापासून ४५ दिवसांच्या आत उच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो. कलम १२७-क प्रमाणे निवडणुकीच्या प्रत्येक पत्रकावर व भित्तीपत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांचे नाव-पत्ता पाहिजे. नसेल तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कलम १२३ (३) प्रमाणे धर्म, जात, भाषा यांच्या नावावर मते मागता येत नाहीत.

हे कलम कागदावरच आहे असे समजू नये. १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीत धर्माच्या नावावर मते मागितली म्हणून डॉ. रमेश प्रभू यांची निवड मुंबई उच्च न्यायालयाने १९८९ साली रद्द केली आणि ११ डिसेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्दच ठेवली. त्या प्रचाराची भाषणे करणाऱ्या बाळासाहेब ठाकरे यांचा मतदानाचा हक्क पुढे काढून घेण्यात आला होता. मात्र निकालाला आठ वर्षे लागली, हेही खरे. २०२४ च्या विधानसभेला ‘बटेंगे तो कटेंगे’सारख्या घोषणा महाराष्ट्रात आल्याच.

ग्रामपंचायतीलाही कायद्याचे संरक्षण आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १७५ प्रमाणे निवडणुकीच्या निकालावर परिणाम व्हावा म्हणून उमेदवाराच्या खासगी चारित्र्याबद्दल खोटे विधान करणे हा गुन्हा आहे. जुन्या दंडविधानात तेच कलम १७१-छ होते. निवडणूक या शब्दात स्थानिक संस्थाही येतात. आचारसंहितेतही स्पष्ट सांगितले आहे की टीका धोरणावर, कार्यक्रमावर आणि केलेल्या कामावर करावी, खासगी आयुष्यावर करू नये.

घरात काय करावे?

आपल्या घरी वकील नसतो, पण पंचनामा करायची अक्कल असते. आम्ही काही साध्या गोष्टी सुचवतो.

पहिली गोष्ट, पत्रक फाडून फेकू नका. तारीख, वेळ आणि कुठे सापडले हे मागे लिहून ठेवा. मोबाईलवर आले असेल तर ज्याने पाठवले त्याचा क्रमांक दिसेल असा फोटो काढून ठेवा आणि पुढे पाठवू नका. पुढे पाठवणारा हा पत्रक वाटणाराच असतो.

दुसरी गोष्ट, पत्रक हाती आले की आधी तळाची ओळ वाचा. छापणाऱ्याचे नाव नाही तर मजकूर वाचायचीही गरज नाही. तालुक्याच्या निवडणूक अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. लोकसभा-विधानसभेच्या वेळी निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल या मोबाईल सोयीवरूनही तक्रार करता येते. कॉलेजला जाणाऱ्या मुलामुलींनी हे काम अंगावर घ्यावे.

तिसरी गोष्ट, जेवताना घरात एक वही काढा. डाव्या बाजूला उमेदवाराने केलेले काम, उजव्या बाजूला न केलेले. शिव्या लिहायला रकानाच ठेवू नका. आपला असो की परका, सगळ्यांना हीच वही. आपल्या गटाच्या उमेदवारानेही निळा झेंडा लावून दुसऱ्याच्या आईबहिणीवर बोलू नये. भंडाऱ्याची गोष्ट आपली आहे, ती भाषणापुरती ठेवू नये.

चौथी गोष्ट, चर्चेची सुरुवात बिंदू चौकातून व्हायची वाट पाहू नका. आपल्या वस्तीत, विहाराच्या अंगणात सगळ्या उमेदवारांना एकाच दिवशी बोलवा. प्रत्येकाला दहा मिनिटे आणि प्रश्न बायकांनी आधी विचारायचे. जो येणार नाही त्याची खुर्ची रिकामी ठेवा. रिकामी खुर्ची पत्रकापेक्षा जास्त बोलते.

आणि शेवटची गोष्ट. मतदानाच्या दिवशी घरातले एकही माणूस घरी राहू देऊ नका. कोणीच पटला नाही तर २०१३ पासून यंत्रावर ‘नोटा’चे बटण आहे, ते स्वतःच्या विचाराने दाबा. कुणी कानात सांगितले म्हणून दाबू नका. स्वतः दाबलेला नोटा हा तुमचा निषेध असतो, दुसऱ्याने दाबायला लावलेला नोटा म्हणजे कुजवलेले मत.

जी ताई ग्रामसभेला यायची थांबली, तशा ताया आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत. पुढच्या खेपेला अशी एखादी उभी राहिली आणि रात्री दारातून पत्रक आले, तर सकाळी वस्तीतल्या दहा बायकांनी तिच्या दारात जावे आणि तिला बरोबर घेऊन मतदानाला निघावे. कोर्टाचा निकाल लागायला आठ वर्षे लागतात. हा निकाल त्याच दिवशी लागतो.